चेंडू आपल्याकडे येईनासा होतो तेव्हा

रविवारची सकाळ आहे. घरात गावाकडच्या जमिनीचा विषय निघाला आहे. सासरे बोलतात, थोरले दीर बोलतात, नुकताच नोकरीला लागलेला पुतण्याही बोलतो. बावीस वर्षं त्या घरात राबलेली धाकटी सून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणते, "मला वाटतं, आधी मोजणी करून घ्यावी." क्षणभर कुणीच काही बोलत नाही. कुणी तिच्याकडे बघतही नाही. मग सासरे विचारतात, "चहा होतोय ना गं?" आणि बोलणं पुढे सरकतं. पाच मिनिटांनी पुतण्या म्हणतो, "आधी मोजणी करून घेऊ या." सगळे माना डोलावतात.

तिला कुणी वाकडं बोललं नाही. कुणाचा आवाज चढला नाही. रात्री तिने नवऱ्याजवळ विषय काढला, तर तो विचारील, "पण झालं काय?" आणि तिला ते नीट सांगता येणार नाही. चार माणसांत असून ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती, एवढंच झालं. पण तेवढ्याने तिचा दिवस करपला. रात्री दिवा मालवल्यावर तिच्या मनात आलं, 'माझीच काही लायकी नसेल का?'

हा प्रसंग कुठल्याही घरातला असू शकतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्ये, भावंडांत, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तो रोज घडतो. कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणून गेलेली मंडळी पुन्हा फोन करत नाहीत. दहावीच्या निकालाला चुलतभावाचे मार्क मुद्दाम मोठ्याने वाचले जातात. निवृत्त झालेल्या माणसाला जुन्या खात्यातले लोक रस्त्यात ओळख देत नाहीत. प्रत्येक ठिकाणी शेवटी तोच प्रश्न उरतो, माझी लायकी काय? या प्रश्नावर मानसशास्त्राने बरंच काम केलं आहे. दुखावलेल्या माणसाला त्यातून खरोखरच धीर मिळू शकतो, म्हणून ते समजून घ्यायला हवं.

उद्यानातली तबकडी

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स एकदा आपल्या कुत्र्याला घेऊन उद्यानात बसले होते. दोन अनोळखी तरुण फ्रिस्बी खेळत होते. ती तबकडी विल्यम्स यांच्या अंगावर येऊन पडली. त्यांनी ती उचलून परत फेकली, तर त्या दोघांनी पुन्हा त्यांच्याकडे टाकली. असे काही डाव झाले आणि मग त्या तरुणांनी अचानक त्यांच्याकडे टाकणं थांबवलं. ना ओळख ना पाळख, खेळायला ते आलेही नव्हते. तरी आपल्याला खूप लागलं, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन विसरला असता. विल्यम्स यांनी त्याचा प्रयोग केला.

पुढे त्यांनी संगणकावरचा एक साधा खेळ तयार केला. पडद्यावर तिघं जण चेंडू झेलतात. त्यातला एक तुम्ही, बाकीचे दोघे दुसरीकडे बसून खेळताहेत असं तुम्हांला सांगितलेलं असतं. सुरुवातीला एक-दोनदा चेंडू तुमच्याकडे येतो. मग तो येईनासा होतो. ते दोघं आपसांतच खेळत राहतात आणि तुम्ही बघत बसता. खेळ काही मिनिटांत संपतो. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ६२ देशांतल्या १,४८६ लोकांनी इंटरनेटवरून भाग घेतला होता. ज्यांच्याकडे चेंडू आला नाही, त्यांच्या मनातल्या चार गोष्टी खचलेल्या आढळल्या: आपण कुणाचे तरी आहोत ही भावना, स्वतःबद्दलचा आदर, परिस्थिती आपल्या हातात आहे हा विश्वास आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही जाणीव.

पुढचे दोन निष्कर्ष तर थक्क करणारे आहेत. २००४ मधल्या प्रयोगात लोकांना आधीच सांगितलं की समोर माणसं नाहीत, संगणकच चेंडू टाकतोय. तरीही दुखायचं ते दुखलंच. २००७ मध्ये सांगितलं की समोरचे खेळाडू 'कु क्लक्स क्लॅन' या वर्णद्वेषी संघटनेचे समर्थक आहेत. ज्यांचा आपल्याला तिटकारा आहे, अशा लोकांनी वगळलं तरीसुद्धा मन खट्टू झालं.

याचा अर्थ नीट ध्यानात घेऊ या. अपमान लागणं हा हळवेपणा नाही. 'एवढंसं मनाला लावून घेतेस' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा ते माणसाच्या शरीरमनाच्या घडणीबद्दलच चुकीचं बोलत असतं. नाओमी आयझेनबर्गर यांनी विल्यम्स आणि लिबरमन यांच्यासह हाच खेळ मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात लोकांना झोपवून खेळायला दिला. २००३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी मांडलं की वगळलं गेल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही शारीरिक वेदनेचा त्रास नोंदवणारेही आहेत. दोन्ही वेदना अगदी एकच आहेत का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण 'शब्द जिव्हारी लागला' असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, ते निव्वळ अलंकारिक नव्हतं.

काटा काय मोजतो?

एवढ्याशा गोष्टीने एवढं का दुखावं? याचं एक पटणारं उत्तर मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलं. माणूस हजारो वर्षं टोळी करून जगला. टोळीने बाहेर काढलं की अन्न नाही, राखण नाही, मूलबाळ जगण्याची शाश्वती नाही. त्यामुळे 'ही माणसं मला आपल्यात धरताहेत ना' हे सारखं तपासत राहणारी एक यंत्रणा मनात तयार झाली. स्वतःबद्दल वाटणारा आदर हा त्या यंत्रणेचा काटा आहे, असं लिअरी म्हणतात. लोकांनी जवळ केलं की काटा वर चढतो, दूर लोटलं की खाली येतो. खाली आल्यावर जे दुखतं तो इशारा असतो. टोळी सुटू नये म्हणून मन आपल्याला हलवून जागं करत असतं.

गाडीतला पेट्रोलचा काटा असंच काम करतो. टाकीत किती आहे, ते तो दाखवतो. गाडी कोणत्या बनावटीची आहे, इंजिन किती दमदार आहे, आजवर तिने किती घाट चढले, हे तो दाखवत नाही. काटा शून्यावर आला म्हणून गाडी भंगारात काढणारा माणूस आपण पाहिलेला नाही. शहाणा माणूस पंप शोधतो.

मनाच्या बाबतीत मात्र आपण नेमकी ही गल्लत करतो. दाराशी उभ्या राहिलेल्या त्या सुनेचा काटा खाली गेला, हे खरं. त्या खोलीत त्या वेळी तिला कुणी आपल्यात धरलं नाही, हेही खरं. काट्याची नोंद अचूक आहे. पण ती नोंद वाचून तिने स्वतःलाच निकालात काढलं, तिथे चूक झाली. तिचा मुद्दा तर इतका बरोबर होता, की पाच मिनिटांनी तो सर्वांनी उचलला.

या काट्याची दुसरी अडचण म्हणजे तो पुष्कळदा अंदाजावर हलतो. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ मध्ये म्हटलं होतं की आपण स्वतःला इतरांच्या आरशात बघतो. मी त्यांना कसा दिसत असेन, ते त्यावरून माझ्याबद्दल काय मत करत असतील, आणि त्या मताने मला वाटणारा अभिमान किंवा लाज, अशा या क्रियेच्या तीन पायऱ्या. यांतल्या पहिल्या दोन आपल्या कल्पनेतल्या असतात. सन २००० मध्ये थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असणार, असं त्या विद्यार्थ्यांना वाटलं. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांनाच तो आठवला. 'सगळे माझ्याकडेच बघत होते' असं वाटणं पुष्कळदा असं दुपटीने फुगलेलं असतं.

म्हणून मन दुखावलं की पहिली तपासणी आपल्या अंदाजाची करावी. बॉसने नमस्कार घेतला नाही, तो मला कमी लेखतो म्हणून, की त्याच्या घरी कुणी आजारी आहे म्हणून? पण प्रत्येक वेळी आपलाच अंदाज चुकलेला नसतो. पुष्कळदा समोरच्याने खरोखरच कमी लेखलेलं असतं. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

पाय धरणं आणि डूख धरणं

कमी लेखलं गेलेलं माणूस सहसा दोनपैकी एका वाटेला लागतं. पहिली वाट पाय धरण्याची. ज्याने झिडकारलं त्याचीच मर्जी मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा. सासूला आवडावी म्हणून आणखी एक पदार्थ, साहेब खूश व्हावा म्हणून आणखी एक रविवार. दुसरी वाट डूख धरण्याची. वगळल्या गेलेल्या माणसांत आक्रमकता वाढते, असं जीन ट्वेंगी आणि रॉय बाउमाइस्टर यांच्या प्रयोगांत दिसलं. त्यांचा राग कधीकधी ज्यांचा काही संबंध नाही अशांवरही निघाला. ऑफिसात गिळलेला अपमान घरी मुलाच्या गालावर उमटतो तो असा.

दोन्ही वाटा उलट दिशांना जातात असं वाटतं, पण दोन्हीकडे आपली किंमत ठरवायचा अधिकार त्याच एका माणसाच्या हाती राहतो. आणि वर्षानुवर्षं दुर्लक्षच वाट्याला आलं, तर विल्यम्स यांच्या मते माणूस तिसऱ्या अवस्थेला पोचतो. तो प्रयत्न सोडतो, आतून विझतो, आपण कुणाचेच नाही असं मानून बसतो. घरात 'ती काही बोलतच नाही' असं जिच्याबद्दल म्हटलं जातं, ती कधीकाळी बोलत होती. तिचं कुणी ऐकलं नाही.

यावर बाजारात एक सोपं औषध मिळतं. आरशासमोर उभं राहून रोज म्हणा, 'मी श्रेष्ठ आहे, मी लाखात एक आहे.' त्याची परीक्षा झालेली आहे. कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं. ज्यांना स्वतःबद्दल मुळात बरं वाटत होतं, त्यांना किंचित फायदा झाला. ज्यांचं मन खचलेलं होतं, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. कारण ते वाक्य म्हणताच त्यांच्या मनातून उत्तर येत होतं, 'खोटं आहे हे.'

मोठ्या प्रमाणावरही हा प्रयोग होऊन गेला. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदल नेमलं. आत्मसन्मान वाढला की गुन्हे, व्यसनं, नापास होणं हे सगळं घटेल, अशी आशा होती. २००३ मध्ये बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. आत्मसन्मान जास्त असलेली माणसं अधिक समाधानी असतात, हे त्यात दिसलं, पण आत्मसन्मान वाढवल्याने मार्क किंवा काम सुधारतं, याला आधार मिळाला नाही. पेट्रोलच्या काट्याला बोट लावून वर ढकललं तर टाकी भरत नाही. टाकीच भरावी लागते. ती कशी भरते, हे आपल्याच मुंबईतल्या एका आयुष्यात स्पष्ट दिसतं.

रखमाबाईंनी काय धरून ठेवलं

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचं दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं. पण त्या नांदायला गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहून त्या शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: बायकोला माझ्याकडे पाठवा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. त्यावर गदारोळ उठला. 'केसरी'नेही रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली. अपिलात खटला पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. बावीस वर्षांच्या या मुलीने सांगितलं की त्यापेक्षा आपण तुरुंगात जाऊ.

गावगप्पांत, वर्तमानपत्रांत, कोर्टात तीन-चार वर्षं त्यांची जी शोभा केली गेली, तिची आज कल्पना करणंही कठीण आहे. पण १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावाने त्यांनी जी पत्रं लिहिली, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. बालविवाहाने आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या गोष्टीची, म्हणजे विद्येची, वाट अडवली, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक विचारत होते, 'ही कसली बायको?' त्या स्वतःला दुसराच प्रश्न विचारत होत्या: मला जपायचं आहे ते काय?

१८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. १८८९ मध्ये रखमाबाई डॉ. एडिथ पेची आणि इतर हितचिंतकांच्या मदतीने लंडनला गेल्या, तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट इथल्या स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षं काम केलं. १९५५ मध्ये नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. ज्या समाजाने त्यांना नावं ठेवली, त्याच समाजातल्या किती बाळंतिणींचे हात त्यांनी हातात घेतले असतील!

सगळ्यांना रखमाबाई होता येणार नाही, आणि ते गरजेचंही नाही. पण त्यांच्या आयुष्यात दिसणाऱ्या तीन गोष्टी आपल्यालाही साध्य आहेत: लोकांच्या निकालापासून स्वतःला वेगळं ठेवणं, आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीला घट्ट धरणं आणि साथ देणारी माणसं शोधणं. आजचं मानसशास्त्रही फिरून याच तीन गोष्टींपाशी येतं आणि त्यांत स्वतःशी बोलण्याची एक गोष्ट मिळवतं.

टाकी भरायची कशी?

पहिली गोष्ट, माणूस आणि त्याचं काम यांचे हिशेब वेगळे ठेवायचे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रातही चांगली रुजली आहे. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, हे एलिस यांच्या सांगण्याचं सार. आंब्याच्या पेटीत चार आंबे नासके निघाले तर आपण ते बाजूला काढतो, अख्खी पेटी उकिरड्यावर टाकत नाही. माणूस तर पेटीहून कितीतरी गुंतागुंतीचा, रोज बदलणारा. त्याला एकच आकडा चिकटवायचा कसा? एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिन्याभरात शंभराहून जास्त अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलायचा प्रयत्न केला. भेटायला येते असं एकीनेच कबूल केलं आणि तीही आली नाही. इतक्या नकारांनंतरही आपण धडधाकट उभे आहोत, हे मात्र त्यांना कळलं.

याचा उपयोग टीका झेलतानाही होतो. साहेब म्हणाले, 'या अहवालात आकडे चुकलेत.' ही कामावरची टीका. खरी असेल तर घ्यावी, आकडे दुरुस्त करावेत. साहेब म्हणाले, 'तुझ्याच्याने काही होणार नाही.' हा माणसावरचा निकाल. कुणाच्याही हातात एवढी मोजपट्टी नसते. पहिलं वाक्य वहीत उतरवावं, दुसरं तिथेच सोडावं. अपमानाच्या रागात आपण पुष्कळदा दोन्ही फेकून देतो किंवा दोन्ही उराशी धरतो, आणि दोन्हींत नुकसान आपलंच होतं.

दुसरी गोष्ट, आपल्याला काय मोलाचं वाटतं ते आठवायचं. क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलं की एका बाजूने घाव बसला, तर माणूस आपल्या आयुष्यातल्या दुसऱ्या भक्कम बाजूला टेकून सावरतो. यावरून जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांकडून वर्गात सुमारे पंधरा मिनिटांचं लेखन करून घेतलं: तुला महत्त्वाची वाटणारी गोष्ट कोणती आणि का? कुणी कुटुंबाबद्दल लिहिलं, कुणी मैत्रीबद्दल, कुणी संगीताबद्दल. ज्या कृष्णवर्णीय मुलांना 'तुम्ही कमीच पडणार' हे समाज सतत सुचवत असतो, त्यांचे त्या सत्रातले गुण सुधारले. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नंतरच्या मोठ्या प्रयोगांत परिणाम कुठे कमी, कुठे जास्त आला, त्यामुळे ही जादूची कांडी नव्हे. पण करून बघायला एक वही आणि पाव तास पुरतो. अपमान झाला त्या रात्री त्या माणसाबद्दल लिहू नका. आपल्या बागेबद्दल, तानपुऱ्याबद्दल, आजारपणात ज्याची सेवा केली त्या माणसाबद्दल, प्रामाणिकपणे केलेल्या एखाद्या कामाबद्दल लिहा. 'मी लाखात एक आहे' हे वाक्य मन नाकारतं. 'मी आठ महिने आजीचं अंथरूण-पांघरूण केलं' हे नाकारू शकत नाही, कारण ते घडलेलं आहे.

तिसरी गोष्ट, स्वतःशी बोलण्याची भाषा बदलायची. मैत्रिणीचं लग्न मोडलं तर आपण तिला 'तुझ्यातच खोट आहे' म्हणत नाही. जवळ बसतो, पाणी देतो, 'होतं गं असं, एकटी तुझ्याच वाट्याला नाही आलेलं' म्हणतो. स्वतःच्या बाबतीत मात्र जीभ सुरीसारखी चालते. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून 'स्वतःविषयीची करुणा' या विषयावर संशोधन केलं. स्वतःशी मायेने वागणं, असे घाव सगळ्यांच्याच वाट्याला येतात हे ओळखणं आणि दुःख ना दडपता ना फुगवता त्याकडे बघणं, हे तिचे तीन भाग त्या सांगतात. यात स्वतःला कुणाहून वरचढ ठरवावं लागत नाही. म्हणूनच हरलेल्या दिवशीही ती कामाला येते.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, दुसरा पंप शोधायचा. काटा माणसांमुळे खाली गेला, तो माणसांमुळेच वर येतो. हे कबूल करण्यात कमीपणा नाही. फक्त माणसं निवडायची. जिथे आपल्या असण्याची नोंद घेतली जाते, अशी एक तरी जागा हवी. ती बचत गटाची बैठक असेल, भजनी मंडळ असेल, वाचनालय, टेकडीवर फिरायला येणारा गट, शाळेतली जुनी मैत्रीण. आणि तिथे घेण्याबरोबर द्यावं. कुणाच्या मुलाला गणित शिकवावं, कुणाला दवाखान्यात सोबत करावी. आपला कुणाला उपयोग होतो, हे डोळ्यांनी दिसलं की मनाला वेगळा पुरावा लागत नाही.

सगळं मनावर ढकलू नये

इथे एक सावधगिरी हवी. कमी लेखलं जाणं ही प्रत्येक वेळी दोन माणसांतली गोष्ट नसते. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. अशा माणसाला 'मनाला लावून घेऊ नका' असं सांगणं हा दुसरा अपमान ठरेल. आंबेडकरांनी तो घाव एकट्याचा मानला नाही. १९२० मध्ये 'मूकनायक' काढलं, १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हजारोंसह ओंजळीत घेतलं. जिथे व्यवस्थाच काही माणसांची किंमत पाडते, तिथे स्वाभिमान परत मिळवणं हे सगळ्यांनी मिळून करायचं काम असतं.

कायदाही हे मानतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. अपमान, टिंगल, पाणउतारा, मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं, हेही त्यात शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणून नमूद आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे सहन करायचं की बोलायचं, हा प्रश्न आला तर बोलावं. शांतपणे, नेमकं आणि त्याच वेळी: "माझं बोलणं पुरं होऊ द्या." पहिल्यांदा आवाज कापेल. तिसऱ्यांदा कापणार नाही.

आणि अनेक आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात काही राम नाही असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. ताप आला की डॉक्टरकडे जातो, तितक्याच सहजपणे हा फोन लावावा.

शेवटी, पुन्हा त्या रविवारच्या घरी जाऊ. लायकीचा प्रश्न त्या सुनेला पडला, पण खरं तर तिच्या लायकीचं त्या खोलीत काही ठरलंच नव्हतं. त्या चार माणसांची ऐकायची सवय कशी आहे, एवढंच तिथे दिसलं. मोजणी झाली ती त्यांची. हे तिला कळावं म्हणून हा लेख लिहिला.

पण आपण नेहमी त्या सुनेच्याच जागी नसतो. कधी आपण सासरे असतो, कधी पुतण्या, कधी गप्प बसलेले दीर. चेंडू आपल्या हातात असतो आणि तो कुणाकडे टाकायचा, हे आपण ठरवत असतो. त्या खोलीतला कुणी एक जण जरी म्हणाला असता, "थांबा, ती काय म्हणते ते ऐकू या," तरी तिची ती रात्र वेगळी गेली असती. या वाक्याला पैसे पडत नाहीत. आज घरात, ऑफिसात, वर्गात जो कोपऱ्यात गप्प बसला आहे त्याच्याकडे वळा, त्याच्या नावाने हाक मारा आणि विचारा, "तुला काय वाटतं?" उत्तर येईपर्यंत थांबा.